सत्तरीनंतर वाहन परवान्याचे नूतनीकरण दर पाच वर्षांनी पुरेसे आहे का?

रानजाई

मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनंतर खासगी वाहनाच्या परवान्याची मुदत वयाप्रमाणे ठरते. तिशीच्या आत काढलेला परवाना चाळिसाव्या वर्षापर्यंत चालतो, तीस ते पन्नास या वयात तो दहा वर्षांसाठी मिळतो, पन्नास ते पंचावन्न या वयात साठ पूर्ण होईपर्यंत, आणि त्यापुढे दर वेळी पाच वर्षांसाठी. म्हणजे छप्पन्न वर्षांची व्यक्ती आणि शहाऐंशी वर्षांची व्यक्ती कायद्याने एकाच पंक्तीत बसवली आहे. नूतनीकरणासाठी 'फॉर्म १-ए' हे वैद्यकीय प्रमाणपत्र जोडायचे, शुल्क भरायचे, की काम झाले. मुदत उलटून वर्ष झालेले नसेल, तर गाडी चालवून दाखवावी लागत नाही.

माझे वडील ७८ वर्षांचे आहेत आणि नाशिकमध्ये अजून स्वतः गाडी चालवतात. त्यांचा परवाना नुकताच ८३व्या वर्षापर्यंत वाढवून मिळाला. प्रमाणपत्र देणाऱ्या डॉक्टरांनी रक्तदाब मोजला, ख्यालीखुशाली विचारली आणि सही केली. दिवसा बाबा उत्तम चालवतात. संध्याकाळी मात्र गाडी रस्त्याच्या मध्यावर सरकते आणि डाव्या बाजूच्या पत्र्यावर ओरखडे वाढत चालले आहेत. सत्तरीनंतर दर दोन वर्षांनी दृष्टी, श्रवण आणि प्रत्यक्ष रस्त्यावरील चालवणे तपासावे, असे माझे मत आहे. माझा भाऊ याला ज्येष्ठांचा अपमान म्हणतो. सभासदांचे, विशेषतः परदेशी राहणाऱ्यांचे, अनुभव वाचायला आवडतील.

तिरकस पेठकर

प्रस्तावाला पूर्ण पाठिंबा आहे. फक्त सुरुवात वीस ते तीस या वयोगटापासून करावी. सत्तरीचे गृहस्थ ताशी तीसच्या वेगाने जातात आणि मागचा वैतागतो, पण वैतागाची नोंद अपघातात होत नाही. २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली आणि त्यांपैकी सुमारे दोनतृतीयांश अठरा ते पंचेचाळीस या वयातील होती. पूर आला आहे नदीला आणि आपण गच्चीवरची टाकी तपासायला निघालो आहोत.

रानजाई

पेठकर, तुम्ही दिलेले आकडे मृतांच्या वयाचे आहेत, चूक करणाऱ्या चालकांच्या वयाचे नव्हेत. शिवाय त्या वयाच्या लोकांची संख्याच मोठी आहे आणि ते दिवसभर रस्त्यावर असतात. ज्येष्ठ व्यक्ती वर्षाकाठी फार थोडे किलोमीटर गाडी चालवते. त्यामुळे नुसत्या एकूण संख्येवरून कोण अधिक धोकादायक हे ठरत नाही.

शिट्टीमास्तर

मी रेल्वेत लोको पायलट होतो, भुसावळ आणि इगतपुरीच्या बाजूला बरीच वर्षे काढली. आमच्याकडे वयानुसार तपासणीची वारंवारता वाढते यात कोणालाच अपमान वाटत नसे. नियतकालिक वैद्यकीय तपासणी, जिला आम्ही पीएमई म्हणत असू, वयाच्या पंचेचाळीसपर्यंत दर चार वर्षांनी, पंचावन्नपर्यंत दर दोन वर्षांनी आणि नंतर निवृत्तीपर्यंत दरवर्षी होत असे. दृष्टी, रंगओळख, रक्तदाब, साखर, सगळे पाहिले जाई, आणि एखादा नापास झाला तर त्याला कमी दर्जाच्या वैद्यकीय श्रेणीतील दुसरे काम देत असत. नोकरी जात नसे, हा यातला कळीचा मुद्दा आहे. नापास झाल्यावर पुढे काय, याचे उत्तर आधी तयार असले की माणूस तपासणीला घाबरत नाही, आणि लपवाछपवीही कमी होते.

खासगी गाडी चालवणाऱ्याला मात्र "गाडी बंद" याखेरीज दुसरे काही सांगितले जात नाही. मग तो ओळखीच्या डॉक्टरांकडे जाणार, हे उघड आहे.

नेत्रपल्लवी

मी नेत्रतज्ज्ञ आहे, त्यामुळे थोडे सविस्तर लिहिते.

फॉर्म १-ए मधील दृष्टीविषयक प्रश्न पाहिले, तर मुख्य कसोटी अशी आहे की चांगल्या उजेडात २५ मीटरवरून मोटारीची नंबर प्लेट वाचता यावी. त्यासोबत तांबडा आणि हिरवा रंग वेगळे ओळखता येतात का आणि रातांधळेपणा आहे का, हेही विचारले आहे. प्रश्न योग्यच आहेत, परंतु प्लेट वाचण्यातून तपासली जाते ती केवळ नजरेच्या मध्यभागाची तीक्ष्णता. काचबिंदूमध्ये नजरेची कड हळूहळू जाते, दुखत नाही, आणि मधले दिसणे बराच काळ शाबूत राहते. असा रुग्ण तक्त्यावरची शेवटची ओळ धडाधड वाचतो आणि डावीकडून आडवी येणारी रिक्षा मात्र त्याला दिसत नाही. रानजाई, डाव्या बाजूच्या ओरखड्यांविषयी तुम्ही जे लिहिले आहे, तेवढ्यावरून निदान करता येणार नाही. पण वडिलांचा डोळ्यांचा दाब आणि दृष्टिक्षेत्र तपासून घ्या, हे आग्रहाने सांगते.

मोतीबिंदूचे वेगळे आहे. दिवसा सारे ठीक असते आणि रात्री समोरच्या गाडीचा प्रखर दिवा डोळ्यांवर आला की सगळा रस्ता पांढरा होतो. अशी माणसे मग आपोआप उजवीकडे, दुभाजकाच्या किंवा मधल्या पट्ट्याच्या आधाराने गाडी चालवू लागतात, कारण रस्त्याची डावी कड त्यांना दिसत नसते. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेल्या आणि न झालेल्या ज्येष्ठ चालकांची तुलना करणारा एक अमेरिकी अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. त्यात शस्त्रक्रिया झालेल्यांच्या अपघातांचे प्रमाण न झालेल्यांच्या जवळपास निम्मे आढळले. म्हणूनच मला तपासणी हवी आहे. परवाना काढून घेण्याचे ते साधन होऊ नये. उपचार करून माणसाला आणखी काही वर्षे सुरक्षितपणे गाडी चालवता यावी, यासाठी ती असावी.

डोळ्यांखेरीज औषधांकडेही पाहायला हवे. झोपेच्या गोळ्या, सर्दी-ॲलर्जीची काही औषधे, आणि इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या ज्या गोळ्यांनी साखर एकदम उतरू शकते त्या, यांचा चालवण्याशी थेट संबंध आहे. हे प्रश्न पंचेचाळिशीतल्या रुग्णालाही विचारायला हवेत.

तिरकस पेठकर

डॉक्टरीणबाई, दृष्टिक्षेत्राची तपासणी सर्वांना सक्तीची झाली, तर आमच्या पेठेतील निम्मे दुचाकीस्वार कोणत्याही वयात बाद होतील. डावीकडे आणि उजवीकडे न पाहता गल्लीतून मुख्य रस्त्यावर येणे ही आमच्याकडे परंपरा आहे.

सिडनीकर

न्यू साउथ वेल्समध्ये ७५व्या वर्षापासून दरवर्षी वैद्यकीय तपासणी बंधनकारक आहे. ८५ झाल्यावर संपूर्ण परवाना ठेवायचा असेल, तर दर दोन वर्षांनी रस्त्यावरील परीक्षा द्यावी लागते. ती नको असेल, तर 'सुधारित परवाना' घेता येतो. त्यात घराभोवतीच्या ठरावीक अंतरापुरतीच गाडी चालवायची मुभा असते. आमच्या शेजारच्या आजी असाच परवाना वापरतात. दुकान, दवाखाना, ग्रंथालय एवढे त्यांचे विश्व त्यात मावते आणि महामार्गावर जाण्याची त्यांना हौसही नाही. शिट्टीमास्तर म्हणतात ते "नापास झाल्यावर पुढे काय" याचे एक उत्तर येथे असे काढले आहे. 'पूर्ण परवाना किंवा काहीच नाही' या दोन टोकांच्या मध्ये बरीच जागा असते. दिवसा चालवण्याची अट, अंतराची अट, वेगाची अट.

मिशिगनकाठ

आमच्या इलिनॉय राज्याचा प्रवास नेमका उलट दिशेने झाला आहे. ज्येष्ठांना नूतनीकरणाच्या वेळी रस्त्यावरची परीक्षा सक्तीची करणारे अमेरिकेतील हे एकमेव राज्य उरले होते. पूर्वी ही सक्ती ७५व्या वर्षापासून होती, २०२३ मध्ये ती ७९वर नेली, आणि २०२५ साली मंजूर झालेल्या कायद्यानुसार जुलै २०२६ पासून ती ८७व्या वर्षापासून लागू होईल असे ठरले. त्याच कायद्यात एक नवी सोय आहे: एखाद्याच्या वैद्यकीय किंवा बौद्धिक स्थितीमुळे त्याचे चालवणे धोक्याचे झाले आहे असे वाटल्यास जवळच्या नातेवाइकांना तसे अधिकृतपणे कळवता येते. आपल्याकडे अशी सोय झाली, तर भाऊबंदकीच्या दाव्यांत तिचा पहिला उपयोग होईल, अशी भीती वाटते.

पायवाट

रानजाईंच्या भावाच्या बाजूने कोणी लिहीत नाही, म्हणून मी लिहितो. वाहतूक नियोजन हा माझा अभ्यासाचा विषय आहे.

वयावर आधारित चाचण्यांनी अपघात कमी होतात, असे सामान्य ज्ञान सांगते. पुरावा मात्र तितका अनुकूल नाही. फिनलंडमध्ये ज्येष्ठांची वैद्यकीय तपासणी सक्तीची होती आणि शेजारच्या स्वीडनमध्ये नव्हती. १९९६ साली या दोन देशांची तुलना झाली, तेव्हा फिनलंडमधील ज्येष्ठ मोटारचालकांचे अपघात कमी असल्याचे दिसले नाही, उलट तेथे वाहनाबाहेरील ज्येष्ठांचे, विशेषतः पादचाऱ्यांचे, मृत्यू अधिक होते. डेन्मार्कने २००६ मध्ये सत्तरीच्या पुढील चालकांसाठी स्मृती आणि आकलन यांची चाचणी आणली. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ज्येष्ठ चालकांच्या मृत्यूंमध्ये काही फरक आढळला नाही, पण पायी आणि सायकलने जाणाऱ्या ज्येष्ठांचे मृत्यू वाढलेले दिसले. पुढे २०१७ मध्ये डेन्मार्कने वयावर आधारित सक्तीची तपासणीच रद्द केली. न्यूझीलंडनेही २००६ च्या अखेरीस वयावर आधारित रस्त्यावरची परीक्षा बंद केली आणि ७५, ८० व त्यानंतर दर दोन वर्षांनी वैद्यकीय प्रमाणपत्र एवढेच ठेवले.

याचे कारण सरळ आहे. गाडी सुटलेला माणूस घरी बसत नाही, तो पायी निघतो, आणि सत्तरीच्या देहाला मोटारीच्या आत जेवढे संरक्षण असते तेवढे रस्त्यावर नसते. ज्या शहरांत पदपथ फेरीवाल्यांनी, दुचाकींनी आणि महावितरणच्या पेट्यांनी व्यापलेले आहेत, तेथे बाबांचा परवाना काढून घेऊन त्यांना चालत भाजी आणायला पाठवणे अधिक सुरक्षित आहे, हे कोणीतरी मला सिद्ध करून दाखवावे.

मिशिगनकाठ

पायवाट यांचा प्रतिसाद विचार करायला लावणारा आहे. तथापि, दोन्ही अभ्यास अशा देशांतील आहेत जेथे परवाना मिळतानाच कठोर परीक्षा होते. आपल्याकडे सत्तरीच्या चालकाने विशीत नेमकी कोणती परीक्षा दिली होती, हाच प्रश्न आहे. माझ्या काकांना परवाना मिळाला तेव्हा मैदानावर गाडी सुरू करून बंद करणे एवढेच अपेक्षित होते, असे ते स्वतः अभिमानाने सांगतात.

हुतात्मा गिअर

ब्रिटनमध्ये तर ७० पूर्ण झाल्यावर दर तीन वर्षांनी परवाना वाढवून घेताना "मी तंदुरुस्त आहे" असे स्वतःच लिहून द्यायचे असते. राणी एलिझाबेथ यांचे पती प्रिन्स फिलिप यांच्या गाडीला जानेवारी २०१९ मध्ये सँडरिंगहॅमजवळ अपघात झाला, तेव्हा ते ९७ वर्षांचे होते. पुढच्याच महिन्यात त्यांनी परवाना आपणहून परत केला. ज्यांच्या घरी चालकांची वानवा नाही, त्यांनाही ९७ वर्षांपर्यंत चाक सोडवत नाही, तर आपल्या काकांना काय बोल लावायचा?

उगवतीकडे

मी काही वर्षे टोकियोत आहे. एप्रिल २०१९ मध्ये येथील इकेबुकुरो भागात ८७ वर्षांच्या चालकाने ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटर दाबला आणि रस्ता ओलांडणारी एक आई व तिची तीन वर्षांची मुलगी जागीच गेल्या. न्यायालयात त्यांनी गाडीतच बिघाड होता असा बचाव घेतला. तो टिकला नाही आणि २०२१ साली त्यांना पाच वर्षांची शिक्षा झाली. अपघात झाला त्या वर्षी, म्हणजे २०१९ मध्ये, संपूर्ण जपानमध्ये सुमारे सहा लाख लोकांनी परवाने आपणहून परत केले.

येथे ७१व्या वर्षापासून परवाना तीन वर्षांचाच मिळतो. सत्तरीनंतर ज्येष्ठांसाठीचा वर्ग करावा लागतो आणि ७५ नंतर स्मरणशक्तीची चाचणी असते: सोळा चित्रे दाखवतात, मध्ये दुसरेच काम देतात, मग ती आठवायला सांगतात, आणि आज कोणती तारीख, कोणता वार, किती वाजले हे विचारतात. मे २०२२ पासून, ७५ वर्षांवरील ज्या चालकांनी मागील तीन वर्षांत सिग्नल तोडण्यासारखे ठरावीक गुन्हे केले आहेत, त्यांनाच प्रत्यक्ष चालवण्याची परीक्षा द्यावी लागते. वय आणि वर्तन यांची ही सांगड मला पटते. सगळ्याच ज्येष्ठांना एका रांगेत उभे करण्यापेक्षा ज्यांच्या नोंदी बोलतात त्यांनाच बोलवावे.

परवाना परत करणाऱ्याला येथे वाहनचालक म्हणून केलेल्या सेवेचे, म्हणजे आजवरच्या चालवण्याचे, एक ओळखपत्र मिळते आणि ते दाखवून अनेक ठिकाणी बस व टॅक्सीत सवलत मिळते. तरीही ग्रामीण जपानमध्ये, जेथे बस दिवसातून मोजक्या वेळा येते, तेथील ज्येष्ठ परवाना सोडत नाहीत. याबाबत पायवाट यांचे म्हणणे येथेही लागू पडते.

पंचगंगाकाठची

मी ७१ वर्षांची आहे, कोल्हापुरात राहते, आणि या धाग्यावर ज्यांच्याविषयी चर्चा चालू आहे त्यांच्यापैकी बहुधा मी आणि शिट्टीमास्तर असे दोघेच येथे लिहीत आहोत.

माझे पती गेल्यानंतर मी स्कूटरवर बँकेत जाते, मंडईत जाते, भजनाला जाते. मुलगा बंगळूरला असतो. रिक्षा थांब्यापर्यंत चालत जाण्यापेक्षा स्कूटर माझ्या गुडघ्यांना सोपी पडते. शासनाने ७५ वर्षांवरील नागरिकांना एसटीचा प्रवास २०२२ पासून मोफत केला, पासष्ट ते पंचाहत्तर या वयात अर्धे तिकीट आहे, हे चांगलेच झाले. पण एसटी मला पंढरपूरला नेईल, घरापासून शनिवार पेठेत नेणार नाही.

रानजाई, तुझ्या प्रस्तावाला माझा विरोध नाही, हे वाचून तुझ्या भावाला कदाचित आश्चर्य वाटेल. चाचणी घ्या. मात्र ती घेताना मला ऊन्हात तीन तास उभे करू नका, दलालाला पैसे द्यायला भाग पाडू नका, आणि खिडकीवरच्या मुलाने "आजी, आता घरी बसा की" असे म्हणू नये. अपमान वाटतो तो तेथे. डोळे तपासल्याने कोणाचा अपमान होतो?

आणखी एक. २५० वॅटपर्यंतच्या आणि ताशी २५ किलोमीटरच्या आत चालणाऱ्या विजेच्या स्कूटरला परवानाच लागत नाही. उद्या मला नापास केलेत, तर मी तीच घेईन आणि त्याच रस्त्यावरून जाईन. नियम करणाऱ्यांनी याचाही विचार करावा.

तिरकस पेठकर

आजी, आपल्याला साष्टांग नमस्कार. यापुढे या विषयावर मी गंभीरपणे लिहीन.

कलम सोळा

वकिली व्यवसायामुळे थोडी कायदेशीर भर घालतो. नव्या कायद्याची मागणी करण्यापूर्वी जुना वाचावा, असे सुचवतो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १६ नुसार, परवानाधारक आजारामुळे किंवा अपंगत्वामुळे गाडी चालवण्यास अपात्र झाला आहे असे मानण्यास वाजवी कारण असेल, तर परवाना प्राधिकारी त्याच्याकडे नवे वैद्यकीय प्रमाणपत्र मागू शकतात किंवा परवाना रद्द करू शकतात. यात वयाची अट नाही. तीस वर्षांच्या माणसालाही हे लागू आहे. रद्द करताना कारणे लेखी द्यावी लागतात आणि त्याविरुद्ध तीस दिवसांत अपील करता येते. म्हणजे इलिनॉयमध्ये आता आली आहे त्या सोयीचे बीज आपल्या कायद्यात पूर्वीपासून आहे, फक्त ते कोणी वापरत नाही.

वारंवारता वाढवण्याविषयी एक व्यावहारिक शंका आहे. मुदत संपल्यावर एक वर्षाच्या आत अर्ज केला तर नूतनीकरण होते, पण मुदत संपल्यानंतर सवलतीचे जे तीस दिवस पूर्वी मिळत असत ते २०१९ च्या दुरुस्तीने गेले. दर दोन वर्षांनी नूतनीकरण ठेवले, तर तारीख विसरणाऱ्या ज्येष्ठांची संख्या वाढेल, आणि मुदतबाह्य परवान्यावर अपघात झाला तर विमा कंपनी तिऱ्हाइताला दिलेली भरपाई मालकाकडून वसूल करायला पाहते. एक समस्या सोडवताना ही दुसरी ओढवू नये.

घाटमाथा

रस्त्यावरची परीक्षा घ्यायची, तर ती कोठे आणि कशाची? आपल्याकडे मोटारीला 'एच' आणि दुचाकीला 'आठ'चा आकडा काढायला लावतात. चाळीस वर्षे गाडी मागे घेणारा माणूस 'एच' सहज काढेल. वय वाढल्यावर अडचण येते ती चौकात उजवीकडे वळताना, समोरून येणाऱ्या गाडीचा वेग आणि अंतर यांचा अंदाज घेण्यात, मान वळवून मागे पाहण्यात आणि एकाच वेळी तीन गोष्टींकडे लक्ष देण्यात. यांतले काहीही बंदिस्त मैदानावर कळत नाही. खऱ्या रहदारीत पंधरा-वीस मिनिटे शेजारी बसून पाहणारा प्रशिक्षित परीक्षक लागेल, आणि तसे परीक्षक आज नवशिक्यांनाही पुरत नाहीत.

नेत्रपल्लवी

घाटमाथा यांच्याशी सहमत आहे. म्हणूनच सर्वांची रस्त्यावरची परीक्षा हा पहिला टप्पा नसावा. आधी प्रमाणपत्र खरे व्हावे. ज्या डॉक्टरांकडे रुग्ण नेहमी जातो त्यांच्यावर सही नाकारण्याचा भार टाकणेही योग्य नाही. नाते बिघडते आणि रुग्ण पुढच्या वेळी लक्षणे लपवतो. दृष्टीची तपासणी नेत्रतज्ज्ञ किंवा ऑप्टोमेट्रिस्ट यांनी करावी आणि तिचा कागद वेगळा असावा.

रानजाई

सर्व प्रतिसाद भावासोबत वाचले. माझी मागणी आता मी अशी मांडेन: पाच वर्षांची मुदत तशीच राहू द्यावी, पण सत्तरीनंतर दर दोन वर्षांनी दृष्टिक्षेत्रासह डोळ्यांची स्वतंत्र तपासणी असावी, रस्त्यावरची परीक्षा फक्त तिच्यात दोष आढळलेल्यांची किंवा ज्यांच्या नावावर गंभीर चलने आहेत त्यांची व्हावी, आणि दिवसापुरता किंवा जवळच्या अंतरापुरता परवाना द्यायची तरतूद कायद्यात यावी. भावाला पहिला आणि तिसरा मुद्दा मान्य आहे, दुसऱ्यावर अजून वाद चालू आहे. बाबांसाठी नेत्रतज्ज्ञांची वेळ घेतली आहे आणि तोवर सूर्यास्तानंतर गाडी न काढण्याचे त्यांनी कबूल केले आहे. बदल्यात रात्रीच्या रिक्षाचे पैसे मुलांनी द्यायचे, असा करार झाला.

कलम सोळा, एक विचारायचे राहिले. बाबांच्या परवान्यावर मोटारसायकल आणि मोटार असे दोन्ही वर्ग आहेत. मोटारसायकल त्यांनी सोडलीच आहे. तेवढाच वर्ग कमी करता येतो का?

कलम सोळा

येतो. 'सारथी' संकेतस्थळावर परवान्याच्या सेवांमध्ये वाहनाचा वर्ग परत करण्याचा पर्याय आहे. अर्ज मात्र बाबांनी स्वतःच्या इच्छेने करावा; मुलांनी परस्पर भरू नये.

पंचगंगाकाठची

आणि त्या करारात रिक्षाभाड्यासोबत रात्रीच्या नाटकाची तिकिटेही घाल. बाबांना सांग, कोल्हापूरच्या आजींनी सुचवले आहे.